भोसरीच्या पॅटर्नवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की "बरं बरं, ठेव आता, मशिन चालू आहे" एवढंच ऐकू येतं आणि विषय संपतो. म्हणून पत्र. आणि ते जाहीर अशासाठी, की मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स-सिनेमावेड्यांच्या मेळ्यात, माझं चिलखत पाहून दिवसभर जो तो एकच विचारत होता, "कुठून मागवलं?" भोसरीत बनवलं म्हटलं की समोरचा हसायचा. पुण्याची आहे, फिरकी घेतेय, असं वाटत असावं. त्या सगळ्यांना हे सविस्तर उत्तर. तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही हे ठाऊक आहे.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये पांढऱ्या चिलखतातले सैनिक आहेत, स्टॉर्मट्रूपर. तुम्ही पहिल्या दिवसापासून ज्याला 'शिपाई' म्हणत आलात, तो. मला त्याचं चिलखत हवं होतं, आणि त्याच्यासारखं दिसणारं नाही, त्याचंच. गॅदरिंगला घालायचा ड्रेस भाड्यानं मिळतो. हा छंद वेगळा आहे. १९९७ साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी सुरू केलेली '५०१ लिजन' नावाची हौशी लोकांची संघटना आहे. तिथे सभासद व्हायचं तर तुमच्या पोशाखाचे फोटो तपासले जातात. डाव्या गुडघ्यावर जादा ढाल आहे ना, पट्ट्याच्या पेट्या योग्य जागी आहेत ना, हेल्मेटच्या जबड्यात कापलेले दात किती, इथपर्यंत. घरच्यांना हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढी तपासणी तुझ्या लग्नाच्या स्थळांची केली असतीस तर."

एमआयडीसीत कुठल्याही गाळ्यात शिरा, पहिला प्रश्न ठरलेला : "क्वांटिटी किती?" एक पीस म्हटलं की चहा मिळतो, काम होत नाही. त्यांचं चुकतं असंही नाही. एका नगासाठी मोल्ड करायचा, हीटर तापवायचा, प्लास्टिकची शीट वाया घालवायची, त्यात कोणाचं पोट भरणार? एका फायबरवाल्यानं "गणपतीचा देखावा का?" म्हणून थोडा उत्साह दाखवला, पण मी हे स्वतः अंगावर घालणार आहे हे कळल्यावर त्याचाही रस आटला.

तुम्ही क्वांटिटी विचारली नाहीत. कपाळावरचा चष्मा खाली घेतलात, फोनवरचे फोटो बोटांनी मोठे करकरून पाहिलेत आणि विचारलंत, "हा मुळात काढला कसा होता?"

काका, मला आभार मानायचेत ते खरं तर या प्रश्नाचे. तोवर मी मापं गोळा करत होते. उंची इतकी, डोळ्यांमधलं अंतर इतकं. फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करण्यात, हयात गेलेल्या माणसाला आधी वस्तू दिसत नाही, तिचा साचा दिसतो. त्या एका हेल्मेटच्या फोटोवरून तुम्ही अर्ध्या तासात जे सांगितलंत ते मी नंतर ताडून पाहिलं. "हे कान म्हणजे कान नाहीत, जोड झाकायला लावलेत." बरोबर. चेहरा एक तुकडा, डोकं आणि मान दुसरा, आणि दोन्हींच्या शिवणीवर कान. एका तुकड्यात काढायला गेलं असतं तर खालच्या बाजूला अंडरकट, म्हणजे आत वळणारी खाच, येऊन शीट मोल्डवरून निघालीच नसती. "हे हातानं मातीत केलंय, मशिनवर नाही. दोन बाजू सारख्या नाहीत बघ." तेही बरोबर. इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच फायलींमध्ये अर्धा चेहरा करून तोच उलटवून दुसऱ्या बाजूला लावलेला असतो. दिसायला सुबक, पण तो शिपाई नव्हे. मूळ चिलखत ब्रायन म्युर या शिल्पकारानं मातीत घडवलं होतं आणि हेल्मेटं लंडनच्या ट्विकनम भागात अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम फॉर्मिंगनं निघाली. म्हणजे तापवलेली शीट साच्यावर चढवायची आणि खालून हवा ओढायची, ट्रे काढतात तशीच. तुमच्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या पार्टसाठी रोज निघतात, त्याच पद्धतीनं. हे कळलं तेव्हा तुम्ही जे हसलात ते मला अजून ऐकू येतंय. "म्हणजे हॉलिवूडवाले पण ट्रेच काढतात!"

त्यातली बहुतेक हेल्मेटं एचडीपीईची, म्हणजे बादलीच्या प्लास्टिकची होती, वर पांढरा रंग मारलेली. जवळून दाखवायची तेवढी एबीएस नावाच्या पांढऱ्या कडक प्लास्टिकची. चित्रपटात हेल्मेटांवरचा रंग जागोजाग उडालेला दिसतो, त्याची चाहत्यांमध्ये मोठी चर्चा असते, लढाईच्या खुणा वगैरे. तुम्ही म्हणालात, "बादलीला रंग मारून बघ टिकतो का." एचडीपीईवर रंग धरत नाही, एवढी साधी गोष्ट. चिलखत मात्र बिनरंगी एबीएसचं, त्यामुळे डोक्याचा पांढरा आणि छातीचा पांढरा एक नाही. आपणही तसाच ठेवला. मुंबईत एकानं येऊन "शेड मॅच झाली नाही का?" असं सहानुभूतीनं विचारलं, तेव्हा मला फार आनंद झाला.

मोल्डबद्दल थोडं लिहिते, कारण या नादाला लागलेल्या पोरापोरींना हे कोणी सांगत नाही. तुमच्याकडे भिंतीला लटकवलेली ती जुनी स्टीलची पट्टी मी आधी नेहमीची समजले होते. ती एक मीटरची नसून एक मीटर दहा मिलिमीटरची आहे, आणि तरी तिच्यावर शंभरच सेंटिमीटर आखलेत. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. कारागिरानं दर वेळी हिशेब करत बसू नये म्हणून मापच फुगवून ठेवलेलं. एबीएस त्याच्या निम्म्यानं आकसतं, त्यामुळे ती पट्टी इथे चालली नाही, पण विचार तोच चालला. शीट मोल्डच्या वरून बसते, म्हणजे बाहेरचं माप मोल्डपेक्षा दोन्ही बाजूंनी शीटच्या जाडीएवढं वाढतं. आपली शीट २ मिलिमीटरची, तेव्हा मोल्ड चार मिलिमीटरनं लहान. शिवाय शीट चढली की प्रत्येक रेघ मऊ होते, म्हणून तुम्ही मोल्डवरच्या कडा बोटाला बोचतील इतक्या धारदार ठेवल्यात. उभ्या भिंतींना तीन ते पाच अंश ड्राफ्ट, म्हणजे उतार, दिलात, खोल कोपऱ्यांत एक मिलिमीटरपेक्षा बारीक भोकं पाडलीत, हवा तिथूनच ओढली जाणार म्हणून. पाहताना ते सगळं किरकोळ वाटत होतं. ड्राफ्ट नसता तर आपण मोल्ड फोडून हेल्मेट बाहेर काढत बसलो असतो.

आणि पाऊस. शेजारच्या गाळ्यातले ट्रेवाले दादा जुलैत मशिन द्यायला तयार झाले, कारण तेव्हा त्यांच्याकडे काम कमी होतं. एबीएस हवेतला ओलावा पितं, मग तापवलं की पृष्ठभागावर फोड येतात, हे त्यांना माहीत होतं. पण एका पीससाठी शीट ८० अंशांवर काही तास वाळवत ठेवायची तयारी तुम्हीच त्यांच्याकडून करवून घेतलीत. कशी, ते मला कधी सांगितलं नाहीत. शीट तापून मध्ये झोळ पडला, तुम्ही हात वर केलात, मोल्ड वर आला, पंप सुरू झाला आणि दोन सेकंदांत त्या पांढऱ्या पत्र्यातून शिपायाचं तोंड बाहेर आलं. गाळ्यातली सगळी पोरं काम सोडून बघायला जमली होती. ट्रेवाले दादाही.

एक अडचण माझी स्वतःची होती. मी पाच फूट दोन इंच. मूळ मापाचं चिलखत माझ्या अंगावर घातलं तर चालताना गुडघा वाकणार नाही, आणि सगळंच सरसकट छोटं केलं तर डोकं आत जाणार नाही. या विषयावर लोक एकमेकांशी पुष्कळ भांडतात. तुम्ही भांडला नाहीत, मला भिंतीला टेकवून उभं केलंत, सुताराच्या टेपनं मापलंत आणि ठरवलंत : हेल्मेट शक्य तितकंच कमी, छाती-पाठ माझ्या खांद्यांच्या मापानं, आणि उंची काढायची ती फक्त जिथे एक तुकडा दुसऱ्याखाली जातो तिथे. पोटाची पट्टी, मांडीची वरची कड, नडगीची खालची कड. नजर जिथे जाते तिथलं प्रमाण कुठेच हललं नाही. फोटोत मी शेजारी कोणी उभं नसेल तर सहा फुटी दिसते. (शेजारी कोणी असेल तर इलाज नाही.)

गालावरच्या निळ्या रेघा. त्या मुळात हातानं रंगवलेल्या होत्या, प्रत्येक हेल्मेटवर थोड्या वेगळ्या. मी स्टिकर छापून आणायच्या तयारीत होते. तुम्ही मला नाशिक रस्त्यावर ट्रकच्या मागे नावं लिहिणाऱ्या पेंटरकडे पाठवलंत. त्यांनी एनॅमलचा डबा उघडला, श्वास रोखला आणि पट्टी न लावता एकेक रेघ ओढली. मग विचारलं, "खाली 'आई-वडिलांचा आशीर्वाद' टाकू का?" टाकलं नाही, पण आतल्या बाजूला टाकायला हवं होतं असं आता वाटतं.

बाकीची जमवाजमव मीच केली. रविवार पेठेतून इलॅस्टिक आणि टिचबटणं, नाना पेठेतून पॉलिश, पाठीवरच्या नळीसाठी नळवाल्याच्या दुकानातला करडा पाइप. एबीएसचा चुरा अॅसिटोनमध्ये विरघळवून त्याची लांबी (पुट्टी) करायची ही युक्ती तुमची. जोड असा भरतो की नखालाही लागत नाही.

बंदुकीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शिपायाच्या हातातली ती भविष्यातली बंदूक म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाइन. मॅगझिन आखूड केलेलं, वर जुनी दुर्बीण, नळीवर प्लास्टिकच्या पट्ट्या. तुम्ही फोटो पाहून म्हणालात, "ही तर आपल्या पोलिसांकडची." मी नाही म्हटलं, मग शोधलं. स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात परवान्यानं बनत होती, 'कार्बाइन १ए' या नावानं. गणपतीच्या बंदोबस्तात लक्ष्मी रोडवर लहानपणापासून पाहत आले ती हीच. दूरच्या कुठल्या आकाशगंगेतलं शस्त्र, आणि ते अलका टॉकीजच्या चौकात खांद्याला लावून कोणी वडापाव खात उभं! तुम्ही लाकूड आणि पाइपमधून केलेली ती बंदूक इतकी हुबेहूब उतरली की तिचे तीन तुकडे सुटे होतील अशी रचना तुम्ही स्वतःहून केलीत, आणि "स्टेशनवर उघड्यावर काढायची नाही" असा दम भरलात. पुणे स्टेशनच्या बॅग तपासणीत तिथल्या साहेबांनी पडद्याकडे बघत माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यानंतर तुमची दूरदृष्टी पटली. हेल्मेट दाखवल्यावर त्यांनी सेल्फी काढला.

तुम्हाला सांगायचं राहिलेली एक गोष्ट. त्या एन्सवर्थ यांनी पुढे जुन्या साच्यांवरून हेल्मेटं काढून विकली आणि चित्रपट कंपनीनं त्यांच्यावर दावा लावला. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हेल्मेट हे तिथल्या कायद्याच्या अर्थानं शिल्प नाही. कलाकृती म्हणायची ती चित्रपटाला. हेल्मेट हे चित्रपट तयार करण्याच्या प्रक्रियेतलं एक साधन. वाचलं आणि तुमच्या माळ्यावरचे सागवानी पॅटर्न आठवले, पंपांचे, गिअरबॉक्सचे, ज्यांच्यावरून हजारो नग निघाले आणि जे आता कोणाला नकोत. न्यायाधीशांचं कायद्यानं बरोबरच असेल. पण त्यातला एकेक पॅटर्न हातात घेतल्यावर मला तो निकाल पूर्ण पटत नाही. तुमचं मत काय ते पुढच्या भेटीत ऐकायचंय, तेव्हा मशिन बंद ठेवा.

आता कामाचं. उजव्या खांद्याच्या तुकड्याला कडेला बारीक चीर गेली आहे, दिवाळीनंतर घेऊन येते. चिलखत तुम्ही सांगितलंत तसं उन्हापासून लांब, कापडात गुंडाळून ठेवलंय, पिवळं पडू नये म्हणून. मोल्ड तुमच्याकडेच राहू द्या, जळणात घालू नका. निगडीतला एक मुलगा आणि सदाशिव पेठेतली दोघी बहिणी विचारत आहेत, म्हणजे क्वांटिटी तीन झाली. त्यांना विकायचं वगैरे काही नाही, अंगावरच घालायचंय. शीट ते आणतील, ट्रेवाले दादांशी मी बोलते. माझ्याकडून तुम्ही फक्त सामानाचे पैसे घेतलेत, त्यांच्याकडून मजुरी घ्यायची. काकूंनाही मी हे सांगून ठेवलंय, त्यामुळे आता पळवाट नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शिपाईबाई