जाड मांजराला उपास घडवू नका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वाचकांनी वाचकांना सल्ले द्यायचं जे सदर आहे ना, त्यात गेल्या खेपेला नाशिकच्या एका ताईंनी विचारलं होतं की दत्तक घेतलेली मांजरी खूपच जाड आहे, वजन कसं उतरवू. त्यावर एका वाचकांनी उत्तर दिलंय की आठवड्यातून एक दिवस कडकडीत उपास घडवा, बाकीचे दिवस नुसता दहीभात द्या, दोन महिन्यांत सडपातळ होईल. हे वाचलं आणि लिहायलाच बसले, कारण यातला पहिला सल्ला मांजराचा जीव पटकन घेऊ शकतो आणि दुसरा हळूहळू.

आपल्याला उपासाचं भारी कौतुक. पोट बिघडलं लंघन, वजन वाढलं लंघन, एकादशी तर आहेच (त्या दिवशी आपण साबुदाण्याची खिचडी चापतो ते सोडा). पण मांजराला हा हिशोब लागू होत नाही. मांजर, त्यातून जाड मांजर, दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही तर त्याचं शरीर साठलेली चरबी भराभर लिव्हरकडे पाठवायला लागतं आणि मांजराच्या लिव्हरला एवढी चरबी एकदम निस्तरता येत नाही, ती तिथेच साचते, लिव्हर सुजतं, कामच करेनासं होतं. डॉक्टर याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. म्हणजे फॅटी लिव्हरच, पण आपल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ग्रेड वन फॅटी लिव्हर लिहिलेलं असतं आणि आपण तो रिपोर्ट फाइलला लावून वडापाव खायला जातो, तसलं हे प्रकरण नाही. यात मांजराला कावीळ होते, नळी घालून कित्येक आठवडे भरवावं लागतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर बहुतेक मांजरं जातात. जितकं मांजर जाड तितका धोका जास्त, म्हणजे ज्याला उपास घडवायचा आपल्याला मोह होतो नेमकं त्यालाच तो सगळ्यात महागात पडतो.

एका दिवसाच्या उपासाने प्रत्येक मांजर मरेल असं मी म्हणत नाहीये. पण उपास सुटायच्या दिवशी समोर दहीभात आला आणि तिने तोंड फिरवलं, की एकाचे तीन दिवस कधी झाले ते घरात कुणाला कळतही नाही.

दत्तक मांजराचं तर आणखीनच नाजूक असतं. नवीन घर, नवीन वास, नवीन माणसं, त्यामुळे कित्येक मांजरं आल्या आल्या दिवाणाखाली जाऊन बसतात आणि खाणं सोडतात. मुलांच्या बाबतीत आपण म्हणतो ना, भूक लागली की झक मारत येईल जेवायला, मुलं येतातही, मांजर येईलच असं नाही. म्हणून आल्याबरोबर डाएट सुरूच करायचं नाही. आधीचे लोक जे देत होते तेच, त्याच वेळेला, शक्य असेल तर त्याच वाडग्यात द्यायचं, मांजर घरात रुळू द्यायचं, दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. एवढी वर्षं जाड होती तर आणखी तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. मात्र चोवीस तासांत काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, उद्या बघू म्हणायचं नाही.

आमच्याकडे आलेल्या बोक्याचं नाव भाऊसाहेब. नाव आधीच्या आजींनी ठेवलेलं, त्या मुलाकडे बंगळुरूला कायमच्या गेल्या आणि हे आमच्याकडे आले, साडेसात किलो वजन घेऊन. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या, वरून कंबर दिसते का बघितलं आणि ९ पैकी ९ मार्क दिले. शाळेत असते तर पेढे वाटले असते, पण या परीक्षेत ५ मार्क म्हणजे उत्तम आणि ९ म्हणजे अतिलठ्ठ. त्यांच्या हाडापेराला पाच किलो ठीक, असं ठरलं. म्हणजे साठ किलोच्या माणसाने नव्वद किलो होऊन फिरावं तसं झालं हे, फिरण्याचंही कष्टच होते म्हणा, स्वतःची पाठ चाटायला मान पोचत नव्हती म्हणून शेपटीजवळ केसांचे गठ्ठे आणि कोंडा झाला होता. जाड मांजराला डायबेटिसचा धोका कितीतरी पटीने वाढतो, सांधे दुखतात, आणि मांजर दुखणं दाखवत नाही, ते नुसतं झोपून राहतं आणि आपण म्हणतो किती शांत आहे.

आता उतरवायचं किती ते बघा. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे साडेसात किलोच्या बोक्याचं आठवड्याला साधारण ३५ ते ७५ ग्रॅम. हो, ग्रॅम. अडीच किलो उतरायला आठ-नऊ महिने सहज लागतात, वर्षही लागतं. दोन महिन्यांत सडपातळ झालेलं मांजर दिसलं तर मला आधी भीतीच वाटेल.

हिशोब डॉक्टर कसा करतात तेही लिहिते, म्हणजे कुणाला हे हवेतलं वाटायला नको. मांजराचं जे वजन असायला हवं त्या वजनावरून रोजची मूळ गरज काढतात, पाच किलोला ती साधारण २३० कॅलरी येते, आणि वजन उतरवायला त्याच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करतात, म्हणजे दिवसाला १८५-१९० कॅलरी. कोरड्या खाण्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, म्हणजे भाऊसाहेबांच्या वाट्याला दिवसभरात पन्नास ग्रॅमच्या आसपास आलं. तीन-चार वेळांत वाटून. हा आकडा आमच्या बोक्याचा आहे, कृपा करून कुणी तसाच उचलू नका, आणि आधी भरपूर खाणाऱ्या मांजराला एका रात्रीत या आकड्यावर आणायचं नाही, टप्प्याटप्प्याने आणायचं. नसबंदी झालेल्या मांजराची गरज कमी होते, भूक मात्र वाढते, तो हिशोबही डॉक्टरच करतात. आणि नेहमीचंच खाणं फार कमी केलं तर त्यातली प्रथिनं-जीवनसत्त्वंही कमी पडतात, म्हणून वजन उतरवायचं वेगळं खाणं मिळतं, प्रथिनं जास्त कॅलरी कमी असं. ते महाग असतं हे मी अजिबात नाकारत नाही. परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका, ओल्या खाण्याचं प्रमाण वाढवून पण बरंच साधतं कारण त्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, पोट भरतं आणि पाणीही जातं पोटात. खाणं बदलायचं ते सुद्धा जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत, आठ-दहा दिवस घेऊन.

आता दहीभात. मला माहितीये लगेच लोक म्हणणार की आमच्या आजीची मांजरं दूधभातावरच वाढली आणि टुणटुणीत होती. होतीच. पण आजीच्या मांजराचा दूधभात हा नाश्ता होता, खरं जेवण माळ्यावर, परसात आणि गोठ्यात व्हायचं, उंदीर, पाली, चिमण्या, टोळ. मांजराला टॉरिन नावाचा एक घटक लागतो जो त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-मासळीतून मिळतो, भातात नसतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरट कमजोर होतं, यातलं हृदयाचं १९८७ साली संशोधनातून पक्कं झालं आणि मग बाजारातल्या खाण्यांत टॉरिन वाढवलं गेलं. शिवाय माणूस उपाशी असला की शरीर काटकसर करतं, प्रथिनं कमी जाळतं, मांजराच्या लिव्हरला ती काटकसर जमत नाही, ते जाळतच राहतं, मग खाण्यातून मिळालं नाही तर स्वतःचे स्नायू जाळतं. म्हणजे दहीभातावरची मांजरी बारीक झाली तरी ती चरबीने नाही, मांसाने बारीक होणार. आजीची मांजर दिवसभर गावभर हिंडायची, आमचे भाऊसाहेब वन बीएचकेमध्ये, खिडकीला जाळी, त्यांची सगळ्यात मोठी शिकार म्हणजे झाडू.

शाकाहारी घरांना माझं एवढंच सांगणं आहे की घरात मांस शिजवायचं नसेल तर नका शिजवू, मांजराचं तयार खाणं आणा, पण मांजराला आपल्यासारखं करू नका. कुत्र्याचं खाणं तर मुळीच नको, त्यात टॉरिनची हमी नसते. आणि उकडलेलं चिकन देणाऱ्यांनो, कांदा-लसूण-मीठ काही नको, आणि नुसत्या चिकनवर महिनोन्महिने ठेवू नका, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं.

खरी लढाई मांजराशी नसतेच, घरातल्या माणसांशी असते. सासरे चहाबरोबर एक ग्लुकोज बिस्किट टाकतात, मुलगा एक टाकतो, मावशी ओटा पुसताना एक टाकतात आणि प्रत्येकाला वाटतं मी एकच दिलं. एका बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात, चार बिस्किटं म्हणजे भाऊसाहेबांचं अर्ध्या दिवसाचं जेवण. फुल क्रीम दूध शंभर मिलीला पंच्याऐंशीच्या वर, आणि मोठ्या मांजरांना ते धड पचतही नाही, बऱ्याच जणांना जुलाब होतात. आम्ही शेवटी दिवसभराचं खाणं सकाळीच वजन करून एका डब्यात काढून ठेवायला लागलो, ज्याला लाड करायचे असतील त्याने त्या डब्यातलेच चार दाणे द्यायचे, डबा संपला की लाड संपले. सासऱ्यांना हे पटलं नाही, पण अंड्याच्या ट्रेमध्ये दाणे लपवून भाऊसाहेबांना शोधायला लावायचं काम त्यांच्याकडे दिलं तेव्हापासून ते रमलेत. पंजाने एकेक दाणा काढताना दहा मिनिटं जातात, वाडग्यातले तेच दाणे अर्ध्या मिनिटात फस्त व्हायचे. काडीला दोरी बांधून खेळवायचं ते जेवणाआधी, पाच-पाच मिनिटं, धापा टाकायला लागला की थांबायचं. जाड मांजराला उड्या मारायला लावू नका, सांध्यांची वाट लागते.

मोबाईलवर जाड मांजरांचे व्हिडिओ बघून लोक हसतात त्याबद्दलही एक लिहायचंय. २०२४ मध्ये रशियातल्या पेर्म शहरात एका हॉस्पिटलच्या तळघरात क्रोशिक नावाचा बोका सापडला होता, वजन सुमारे १७ किलो, प्रेमाने बिस्किटं आणि सूप खाऊ घालून घालून झालेलं, चालतासुद्धा येत नव्हतं. त्याला एका संस्थेने नेलं, डाएट, व्यायाम सुरू झाला, जगभर कौतुक झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला, आत गाठी झालेल्या होत्या ज्या त्या चरबीखाली लवकर लक्षातच आल्या नव्हत्या. म्हणून डाएटच्या आधी तपासणी. रक्त, साखर, किडनी, लिव्हर सगळं. डायबेटिस असेल आणि इन्शुलिन चालू असेल तर खाणं कमी केल्यावर साखर धाडकन खाली येऊ शकते, तिथे तर घरच्या घरी काहीच करायचं नाही. सगळ्यात जड मांजराचा विक्रम गिनीजने केव्हाच बंद केलाय, लोक मुद्दाम खायला घालतील म्हणून. शेवटचा मान ऑस्ट्रेलियातल्या हिमीचा, २१ किलोच्या वर होता तो, १९८६ मध्ये गेला.

डॉक्टर कुठे शोधायचे हा प्रश्न खरा आहे. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, मोठ्या शहरांत क्लिनिक आहेत, तालुक्याच्या गावी मात्र गुरांचा दवाखानाच असतो आणि तिथे मांजर घेऊन गेलं की रांगेतले लोक हसतात. हसू देत. म्हैस तपासणाऱ्या डॉक्टरांना मांजराचं लिव्हरही कळतं.

संपादक, तुमच्यावर राग नाही, वाचकांचं सदर आहे, लोक अनुभव लिहिणारच. पण ज्या जागेवर उपासाचा सल्ला आला होता त्याच जागेवर, तेवढ्याच अक्षरात, तो मागे घेतल्याचं छापा. आणि प्राण्यांच्या तब्येतीचं काही छापायचं असेल तर आधी एखाद्या पशुवैद्यांना दाखवत जा, दोन ओळी तपासायला त्यांना फार वेळ लागत नाही. नाशिकच्या ताईंचा पत्ता तुमच्याकडे असेल, त्यांना हे पत्र अंक निघायच्या आधीच पाठवलंत तर फार बरं. मांजरीने खाणं सोडलं असेल, आणि हिरड्या, कानाची आतली बाजू किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसत असेल तर रविवार आहे, पाऊस आहे असं काही न बघता त्यांनी तिला घेऊन निघावं.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. खाणं कपाने किंवा मुठीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा, कपात दहा-बारा ग्रॅम इकडचे तिकडे होतात आणि पन्नासात दहा म्हणजे पाचवा हिस्सा. मांजराचं वजन मात्र बाथरूमच्या काट्यावर स्वतः कडेवर घेऊन करायचं असेल तर त्यात आठवड्याचे ५० ग्रॅम दिसणारच नाहीत, तान्ह्या बाळांचा काटा कुणाकडे पडून असेल तर तो मागून आणा.