चरात कुणाला उतरवायच्या आधी

चि. ऋतुजा,

काल फोनवर म्हणालीस की ड्रेनेज लाईनचा चर १२ फुटांवर गेलाय आणि मुकादम म्हणतो माती कडक आहे, भिंतींना आधाराला बल्ल्या-फळ्या कशाला. तू घाईत होतीस म्हणून तेव्हा काही बोललो नाही, आता लिहितोय, डबा खाताना वाच.

माती कडक आहे हे मी नोकरीभर ऐकलंय. खोदल्या दिवशी चराची भिंत चाकूने कापल्यासारखी सरळ उभी असते, पण ती उभी असते आतल्या ओलाव्यावर, दोन दिवस ऊन लागलं की सुटायला लागते आणि पाऊस झाला तर जड होऊन खाली येते. काळी माती तर वाळली की फाटते, भिजली की फुगते. मुरूम त्यातल्या त्यात बरा, पण शहरात अख्खा मुरूम मिळतो कुठे, शेजारून कधीतरी पाण्याची लाईन नाहीतर केबल गेलेली असते आणि तिचा जुना भराव नेमका तुझ्या चरात सुटतो. म्हणून रोज सकाळी आणि पावसानंतर वरून बघ, कडेला समांतर भेग दिसली की आधी खालची माणसं वर, बाकीचं मग.

नियम तुला डिप्लोमाला होतेच, तरी आमच्या टेंडरला सीपीडब्ल्यूडीचा, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याचा, सेफ्टी कोड जोडलेला असायचा त्यातलं सांगतो. ५ फूट किंवा जास्त खोल चर असेल तर बाजूंना उतार-टप्पे काढायचे नाहीतर लाकडाचा भक्कम आधार द्यायचा. ४ फुटांपासूनच शिडी, दर १०० फुटांना एक, आणि ती जमिनीच्या वर ३ फूट आलेली हवी. खोदलेली माती कडेपासून ५ फूट लांब किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, जे जास्त असेल ते, म्हणजे तुझ्याकडे ६ फूट. हे ६ फूट कोणी सोडत नाही बघ, रस्ता अरुंद असतो, पोकलेनवाल्याला तिथेच टाकायला सोपं जातं आणि मग डंपर आला नाही म्हणायचं.

एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत जरी गाडला गेला तरी श्वास सोडला की माती आणखी आवळते, परत घ्यायला छाती फुगत नाही, डोकं बाहेर असून माणूस जातो. अशा वेळी पोरं फावडी घेऊन उड्या मारतात आणि दुसरी बाजू त्यांच्यावर येते, नाहीतर जेसीबीवाला बकेट घालतो आणि गाडलेल्यालाच लागतं. दोन्ही होऊ देऊ नको, ११२ ला फोन कर, मशिनी कडेपासून लांब घे.

आणि फक्त चर बघू नको. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला रात्रीच्या पावसात सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ जण गेले, झोपले होते बिचारे. तुमच्या लेबर कॅम्पच्या मागे काय उभं आहे ते एकदा जाऊन बघ.

आता मुख्य. मॅडम, पाइपचा पाच मिनिटांचा जॉइंट आहे, असं तुला रोज ऐकवतील, तू नवीन म्हणून जरा जास्तच. खाली उतरणारा पोरगा नाही म्हणू शकत नाही गं, त्याची हजेरी बुडते, त्यामुळे नाही तुलाच म्हणावं लागणार, आणि तू स्वतःही लेव्हल बघायला म्हणून आधाराशिवाय उतरायचं नाही. शोअरिंगचा, म्हणजे या आधाराचा, आयटम बीओक्यूमध्ये (टेंडरमधल्या कामांच्या यादीत) आहे का बघ, असला तर ठेकेदाराला त्याचे पैसे मिळणारच आहेत, मग कसली कुरकुर. नसला तर साहेबांना ईमेलने माग, तोंडी नको, नंतर कुणाला काही आठवत नाही.

सोमवारी बल्ल्या आल्या का कळव. नसतील आल्या तर काम बंद, आणि तोवर बॅरिकेड नीट लावून घे, आजूबाजूची पोरं चेंडू आणायला आत उतरतात.

बाबा