गिरणगावच्या खुणा पुसण्याआधी त्यांची नोंद तरी करा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : परळ-लालबाग परिसरातील जुन्या वास्तू, पूल व चाळी पाडण्यापूर्वी त्यांची नोंद बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

परळला केईएम आणि टाटा ही दोन मोठी रुग्णालये असल्यामुळे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेले रुग्णांचे नातेवाईक दिवसभर आम्हा रहिवाशांना रस्ता विचारत असतात. दामोदर हॉलपासून उजवीकडे, एल्फिन्स्टनचा पूल उतरलात की सरळ, भारतमाताच्या स्टॉपवर उतरा, अशी उत्तरे आम्ही वर्षानुवर्षे देत आलो. यातल्या एकेक खुणा आता नाहीशा होत आहेत. सोशल सर्व्हिस लीग या संस्थेचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी पाडले गेले. १९१३ साली बांधलेला एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला आणि शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी तो पाडायला घेतला गेला. ‘हिंदमाता’ हे नाव बातम्यांत टिकून आहे, पण ते तिथल्या चित्रपटगृहामुळे नव्हे, दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यामुळे.

या पत्राचा हेतू विकासाला विरोध करण्याचा नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. चाळींचे गोडवे गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिथल्या सामाईक संडासापुढे बादली घेऊन रांग लावलेली नसते. सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या दाटीवाटीने राहिल्या, आणि त्यांना आता ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर त्याचा आनंद आम्हालाही आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या, तेव्हा इकडे नायगावच्या बीडीडी चाळींतही पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. शंभरी ओलांडलेला पूल धोकादायक झाला तर तो पाडावाच लागतो, हेही आम्ही जाणतो. आमची तक्रार पाडण्याच्या रीतीबद्दल आहे. आधी पत्रे ठोकले जातात, मग यंत्रे येतात, आणि पत्रे निघतात तेव्हा तिथे काय होते हे सांगणारी साधी पाटीसुद्धा कुठे नसते.

ही रीत पडली ती गिरण्यांपासून. १८५० च्या दशकात ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि पुढच्या शतकात भायखळ्यापासून दादरपर्यंतचा सारा मुलूख गिरण्यांभोवती वसत गेला. इथला रस्ता घड्याळावर नव्हे तर भोंग्यावर चालत असे. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चाळीचाळींतून माणसे गिरणीच्या फाटकाकडे वाहू लागत, आणि पाळी सुटली की तेच रस्ते उलट्या दिशेने भरून जात. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रावर, कामाला होते. कोकणातून आलेल्या बहुतेकांसारखे तेही आधी गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहिले, खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवले, आणि जॉबरच्या, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर बदली कामगार म्हणून उभे राहत कायम झाले. शनिवारी रात्री दामोदर हॉलमध्ये गावच्या मंडळाचे नमन किंवा नाटक असले की त्यांची रातपाळीची सगळी मरगळ उतरत असे. कामगार रंगभूमीचे ते घरच होते. त्या इमारतीच्या जागी उद्या कितीही देखणे प्रेक्षागृह झाले, तरी दिवसभर साच्यापुढे उभे राहिलेली माणसे तोंडाला रंग लावून जिथे उभी राहिली, तो रंगमंच कसा होता हे कुणीतरी आधी मोजून, छायाचित्रे काढून ठेवायला हवे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे, त्यामुळे तो इथे पुन्हा मांडत नाही. आपल्या खात्याशी थेट संबंध येतो तो त्यानंतरच्या कागदाचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीचा आवार म्हणजे एकमेकांना खेटून उभे असलेले खात्यांचे शेड. त्यात मोकळी जागा असणार ती किती? मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. बागा, मैदाने आणि रुंद रस्ते होऊ शकले असते अशा जागांवर मॉल आणि काचेचे मनोरे आले, आणि तिथे कामाला येणारी लाखभर माणसे गिरणीच्या काळातल्या त्याच स्थानकांवर, त्याच जिन्यांवर उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. पुढच्या वर्षी स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी झाले. त्या दुर्घटनेची कारणे पाऊस आणि अफवा यांत शोधली गेली. कलम ५८ मधली ती दुरुस्तीही त्या यादीत असायला हवी, असे माझे मत आहे.

म्हणूनच जुन्या खुणांची आठवण काढणे हा निवृत्त माणसांचा विरंगुळा आहे, असे कुणी म्हटले की मला ते पटत नाही. हा परिसर कशाभोवती वसला, कुणाची जमीन कुणाला कोणत्या अटीवर मिळाली आणि पुढे तिचे काय झाले, याची साक्ष देणारे पुरावे म्हणजे या इमारती, फाटके आणि चिमण्या. फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे. तिच्याखाली फोटो काढणाऱ्या तरुण मुलांना मी कधीच नावे ठेवणार नाही, कारण ती चिमणी कशाची होती हे त्यांना ठळकपणे सांगण्याची तसदी आपण घेतलेली नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय होणार, हे आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक होत आहे, आणि ते व्हायलाच हवे. बाबासाहेबांनी उमेदीची वर्षे याच परळच्या बीआयटी चाळीत काढली. पण गिरणी चालवणाऱ्या माणसाच्या वाट्याला अजून एक पूर्ण दालनही आलेले नाही. संग्रहालय म्हणजे केवळ कारंजी आणि प्रकाशयोजना असू नये, अशीही विनंती आहे. त्यात साचा असावा, खात्यात राबणारी बाई असावी, पगाराचे पाकीट असावे, संपाच्या काळात गहाण पडलेल्या भांड्यांची पावती असावी. १९८२ साली विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे आहे. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल, तर निविदा प्रक्रियेची वाट पाहण्याइतका वेळ आता उरलेला नाही.

आपल्या अधिकारात सहज होण्याजोगे आहे ते असे. पन्नास वर्षांहून जुनी चाळ, गिरणीचे बांधकाम, नाट्यगृह किंवा पूल पाडण्याची परवानगी देताना त्या वास्तूचे मोजमाप, नकाशे, छायाचित्रे आणि तिथे राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसांच्या मुलाखती ही पूर्वअट घालावी, तिचा खर्च विकासकाने उचलावा आणि ती नोंद महापालिकेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता यावी. नव्या पुलाच्या कठड्यावर जुन्या पुलाचे बांधकामवर्ष कोरावे. त्याला फार तर चार ओळी कोरण्याचा खर्च येईल. बीडीडी चाळींपैकी एक तरी चाळ आतल्या खोल्यांसह, सामाईक गॅलरीसह जशीच्या तशी राखावी, कारण पुनर्विकासाच्या वेगात ही गोष्ट सर्वांत आधी विसरली जाण्याची भीती आहे.

लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्णपणे खुला व्हायला २०२३ उजाडले, त्यामुळे आश्वासने आणि मुदती यांच्याबाबत आमच्या भागातील लोक जरा सावध असतात. तेव्हा काळाचौकीच्या संग्रहालयाचे काम सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते कोणत्या महिन्यात जनतेसाठी खुले होईल आणि पाडकामापूर्वीच्या नोंदीबाबतचा शासन निर्णय आपण काढणार आहात की नाही, या तीन बाबींचे लेखी उत्तर आपल्या विभागाकडून मिळावे, ही विनंती.

आपली,
परळ येथील एक रहिवासी