नकाशात आमची भरती-ओहोटीही धरा: पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरण व हवामान बदल मंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,

किनारी विभाग व्यवस्थापन आराखड्याची जनसुनावणी २०२१ मध्ये दोनदा घ्यावी लागली, हे आपले खाते विसरले नसेल. लोकांचा आक्षेप साधा होता: आमच्या खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांचे, बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशी नकाशात धड दिसत नाहीत. तो आराखडा २०२२ च्या सप्टेंबरात मंजूर झाला. आता २०१९ च्या किनारी नियमन अधिसूचनेप्रमाणे नवा करायचा आहे. तो पक्का होण्याआधी माझी एकच मागणी आहे. गावातल्या बायकांना त्यांचा नकाशा काढू द्या आणि तो खात्याच्या नकाशाला जोडा.

असा नकाशा कसा असतो? पेडण्यात एका बचत गटाच्या बायकांसोबत आम्ही शाळेच्या वर्गात कागद पसरून बसलो होतो. देऊळ नाही, रस्ता नाही, पहिली खूण पडली सार्वजनिक नळावर, आणि बाजूला वेळ: पहाटे साडेचार. मग विहीर, तिच्यापुढे लिहिले, "एप्रिलपासून मचूळ". मिठागरात राबणाऱ्या एका मावशींनी वाफे काढले आणि मे महिन्यावर सरळ फुली मारली. अवेळी पाऊस पडला की धरलेले मीठ विरघळते. पुन्हा खारे पाणी घ्यायचे, पुन्हा तळ तुडवून घट्ट करायचा, आणि मीठ धरेपर्यंत वाट बघायची. तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला आले, म्हणजे ऐन पुरुमेंताच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत. मीठ, सुकी मासळी, सोलां (आमसुले) विकून बायकांच्या हातात रोख पैसा येतो तो याच दिवसांत. पंचनाम्यात उडालेली कौले बसतात, पडलेले माड बसतात. अंगणात वाळत घातलेली सुंगटां (कोळंबी) कुठल्या रकान्यात बसवायची?

खाजनाचे जरा सविस्तर सांगते, कारण तिथे हवामान आणि हक्क दोन्ही एकाच दारात अडकले आहेत. मानशीचे लाकडी दार भरतीच्या जोराने मिटते आणि ओहोटीला उघडते. समुद्राची पातळी चढली की ओहोटीलाही दार पुरते उघडत नाही, आणि त्यात एकदम कोसळणारा पाऊस आला की पाणी शेतातच तुंबते. वर मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे, शेतकऱ्याला नको. बांध फुटला तर खारे पाणी सोसणारे कोरगूट भातसुद्धा किती खारटाण सोसणार? आणि शेत पडीक पडले की पहिल्यांदा बुडते लावणी करणाऱ्या बाईची रोजंदारी.

तिला भरपाई? शेतकरी आधार निधीसाठी कृषी कार्ड लागते, त्यासाठी जमिनीचा कागद लागतो आणि एक-चौदाच्या (गोव्याच्या सातबाराच्या) उताऱ्यावर कुळाचे नाव बहुतेकदा घरच्या पुरुषाचे असते. समान नागरी कायद्याचा आपण सारे गोंयकार केवढा अभिमान मिरवतो! लेकीलाही बरोबरीचा वाटा, बायकोचा अर्धा हिस्सा. पण गावकरीचा झोण, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला वाटा, परंपरेने मुलग्याकडेच गेला आणि उताऱ्यावर बाईचे नाव शोधावे लागते.

तिसऱ्या-खुबे (शिंपल्या) काढणाऱ्यांची गत याहून वाईट. चिखलीच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखलात उभी राहणारी बाई शेतकरी नाही, आणि होडी नाही म्हणून मच्छीमारही नाही. सत्तरीत जुलै २०२१ मध्ये म्हादईने घरे बुडवली, मार्च २०२३ मध्ये रानांना वणवे लागले, काजूच्या बागायतीही होरपळल्या. ऐन हंगामात बोंडू वेचायला जाणाऱ्या बायकांची मजुरी त्याच आगीत गेली.

सगळ्या बायका एकाच मापाने मोजू नका, एवढेही सांगते. गच्चीवर टाकी आणि परसात बोअरवेल असलेल्या घरात पाणीटंचाई वर्तमानपत्रातून कळते. तीच टंचाई गावडा वाड्यावर, धनगर वस्तीवर, नाहीतर शेजारच्या राज्यातून आलेल्या मजुराच्या भाड्याच्या खोलीत डोक्यावरून वाहावी लागते. स्त्रीवादी नकाशा म्हटले की काही अधिकारी हसतात. हसोत बापडे. पाणी कोण वाहते, किती वाजता आणि कोणाच्या दारावरून, एवढेच तर आम्ही त्यात लिहितो.

यासाठी नवे महामंडळ नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली पंचायतींच्या समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. समितीत निदान एक तृतीयांश बायका हव्यात, असे २००४ च्या नियमांतच म्हटले होते. झाडा-पाखरांच्या त्या नोंदींशेजारी मानस केव्हा तुंबली, विहीर केव्हा मचूळ झाली, मजुरीचे किती दिवस बुडाले, याची पाने जोडा. दर पावसाळ्यानंतर ती ग्रामसभेत वाचली जावीत. भरपाई देताना, उतारा नसला तरी, या नोंदीला पुरावा माना. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे दीड हजार महिन्याला मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण बुडालेल्या कामाची भरपाई हा वेगळा हिशेब आहे.

आणि बैठका सकाळी दहाला ठेवू नका. त्या वेळी मासळी विकणारी बाजारात असते. चवथ आटोपली की दुपारी तीननंतर, वाड्यावरच बोलवा. येताना सर्वेअरसोबत मानशीवरचा माणूसही आणा, म्हणजे ओहोटीची वेळ विचारावी लागणार नाही.

आपली,
पेडणे तालुक्यातील एक कार्यकर्ती