यकृताच्या तपासणीतील ‘किंचित वाढलेले’ आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले आणि त्यातली निम्मी वर्षे तरी रिपोर्ट देण्याच्या खिडकीशी गेली. हल्ली शिबिरांतून आणि सवलतीच्या ‘फुल बॉडी चेकअप’मधून एकदम साठ-सत्तर तपासण्या होतात, रिपोर्ट मोबाईलवर येतो आणि तो समजावून सांगायला कोणीच नसते. त्यातही यकृताच्या तपासणीतला एखादा ठळक छापलेला आकडा घराघरात किती घबराट उडवून देतो, हे मी निवृत्तीनंतरही रोज पाहते, म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारच्या वहिनींचे उदाहरण सांगते. वय ४८. शिबिरातल्या रिपोर्टमध्ये यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी ५८ आले, कमाल मर्यादा ४० छापलेली. ‘लिव्हर वाढले म्हणजे कावीळच’ असे कोणीतरी सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या भाजीतून हळद आणि तेल गेले, उसाचा रस सुरू झाला, माळ घालून कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्याचा दिवसही ठरला. मी रिपोर्ट मागवून घेतला. कावीळ रक्तातले बिलीरुबिन हे पिवळे द्रव्य वाढल्यामुळे दिसते आणि त्यांचे बिलीरुबिन ०.७ होते, म्हणजे अगदी व्यवस्थित. मात्र त्याच कागदावर उपाशीपोटीची साखर ११८ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, आणि तिच्याकडे घरातल्या कोणाचेही लक्ष गेले नव्हते. उसाचा रस कोणाला दिला जात होता, हे त्यानंतर सर्वांच्या ध्यानात आले. डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घेतले, ते नव्हते. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत असणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, आहेत. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. यकृत काम किती करते आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही; ते अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन), बिलीरुबिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ यांवरून कळते. सगळ्या तपासण्यांना मिळून ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ हे नाव पडल्यामुळे एसजीपीटी वाढले की यकृत निकामी होत चालले, असा समज होतो. शिवाय एसजीओटी हे स्नायूंमध्येही भरपूर असते. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा मला आठवतो. एसजीओटी ११२ आणि एसजीपीटी ६४. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीपुढे गेला की दारूचा संशय घेतात, एवढे वडिलांनी कुठेतरी वाचलेले होते. येथे दुप्पटही नव्हती, तरी खिडकीसमोरच त्यांनी मुलाला बोल लावले आणि तो मान खाली घालून उभा राहिला. आदल्या दोन दिवसांत त्याने मैदानावर अतोनात बैठका काढल्या होत्या. डॉक्टरांनी स्नायूंची सीपीके तपासणी करायला लावली, ती कित्येक पटींनी वाढलेली निघाली. दहा दिवस विश्रांती घेतल्यावर यकृताचे दोन्ही आकडे मर्यादेत आले. म्हणून तपासणीच्या आधी दोन-चार दिवस जबर व्यायाम टाळावा आणि केला असल्यास तसे सांगावे.

रिपोर्टवर छापलेली मर्यादा कशी ठरते, हेही लोकांना माहीत असायला हवे. साधारणपणे शंभर निरोगी माणसांपैकी ९५ जणांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा ‘नॉर्मल’ म्हणून छापतात. उरलेले पाच निरोगी असूनही बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता १०० मध्ये ६४ इतकी भरते. काही माणसांत उपवासाने किंवा दगदगीने बिलीरुबिन दीड-दोनपर्यंत चढते आणि बाकी सर्व ठीक असते. गिल्बर्ट नावाची ती निरुपद्रवी जन्मजात ठेवण असते. याच तपासणीतले अल्कलाईन फॉस्फेटेज हे आणखी एक विकर वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत वाढलेलेच असते, कारण ते हाडांतून आणि वारेतूनही येते.

एवढे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘थोडेच वाढले आहे, काही नाही’ म्हणून कागद कपाटात टाकणारे मी घाबरणाऱ्यांहून जास्त पाहिले आहेत, आणि मला त्यांचीच अधिक काळजी वाटते. आकडा लहान म्हणजे आजार लहान, असे नसते. जुना हिपॅटायटिस बी किंवा सी, तसेच चरबीमुळे हळूहळू घट्ट होत जाणारे यकृत असतानाही एसजीपीटी अनेकदा वर्षानुवर्षे पन्नास-साठच्या पुढे जात नाही, कधी कधी तर मर्यादेतच राहते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एसजीपीटीची निरोगी मर्यादा पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ अशी सांगितली, ती आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टवर छापलेल्या चाळिसाहून बरीच खाली आहे. म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे आणि तरीही आकडा वाढलेला राहिला तर कारण शोधणे, हे टाळू नये. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, पोट फुगणे अशी लक्षणे असतील, तर थांबायचेच नाही.

यकृत कितपत घट्ट झाले असावे, याचा एक ढोबळ अंदाज महागड्या तपासणीवाचूनही घेता येतो. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा आणि त्याला प्लेटलेटची हजारांतली संख्या गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ यांनी भागायचे. वहिनींचे एसजीओटी ४१ आणि प्लेटलेट २ लाख ६० हजार होत्या. उत्तर जेमतेम १ आले. १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांना दाखवायचे. पासष्टीपुढे खालची मर्यादा २ धरतात. वहिनींना डॉक्टरांनी दहा टक्क्यांच्या आसपास वजन कमी करायला सांगितले आहे. हळद भाजीत परत आली आहे.

डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना आपण काढे आणि चूर्णे वगळतो, तेही मोजायला हवे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हे खरे; पण काय घेतो ते डॉक्टरांपासून लपवू नये, याबद्दल तरी वाद नसावा. क्षयरोगाच्या औषधांनीही ही विकरे वाढतात, मात्र ती औषधे कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

प्रयोगशाळाचालकांना माझी विनंती आहे की, यकृताच्या रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी छापाव्यात: हा आकडा म्हणजे निदान नव्हे, आणि तो वाढलेला असल्यास डॉक्टरांना दाखवून तपासणी पुन्हा करावी. शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी रक्त घेण्याच्या दिवसाइतकेच महत्त्व रिपोर्ट वाटण्याच्या दिवसाला द्यावे आणि त्या दिवशी एक डॉक्टर बसवावा. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, त्यासाठी सरकारी रुग्णालयात कुठे जायचे, हेही त्याच वेळी लोकांना सांगावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली जिल्हा