ताई, तुम्ही तिला गप्प करायला शिकवलंत आणि ती गायला लागली

ताई, समोर आलं की बोलता येत नाही म्हणून हे असं लिहितेय.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी लेक पाच वर्षांची होती आणि गाणं म्हटलं की माझ्या मागे लपायची. आधीच्या क्लासमध्ये पेटीसमोर तासभर मांडी घालून बसवायचे, हलली की ओरडा, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली मला गाता येत नाही. एवढ्याशा पोरीला हे असं वाटावं याचा मला अजूनही राग येतो.

तुम्ही तिला गा म्हणालाच नाहीत. बाकीची पोरं डबे बडवत होती, तुम्ही तिला म्हणालात, "तुझी मूठ वर गेली की आम्ही सगळे गप्प, मूठ उघडलीस की परत सुरू." तिने भीतभीत मूठ वर केली आणि सगळ्या काठ्या हवेतच थांबल्या, इतकी शांतता की पंख्याचा आवाज यायला लागला. मग उघडली, दणदणाट! चौथ्या-पाचव्या वेळी तर तिने मूठ मुद्दाम लांबवली, पोरं श्वास रोखून बघतायत आणि ही गालातल्या गालात हसतेय. ताल म्हणजे नुसतं वाजवणं नाही, मधली थांबायची जागापण, हे तिला कोणी समजावून सांगावं लागलंच नाही.

झायलोफोनमधून तुम्ही म आणि नीच्या पट्ट्या काढून ठेवायचात, ते का ते मी नंतर विचारलं. कार्ल ऑर्फ नावाच्या जर्मन संगीतकाराच्या मुलांना शिकवायच्या पद्धतीत असं करतात म्हणालात, उरलेल्या पाच स्वरांत मूल कुठेही मारू दे, कानाला खटकत नाही. सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचेच स्वर की! चुकायची भीतीच काढून घेतलीत तुम्ही, आणि तिच्यासाठी हेच सगळ्यात मोठं होतं.

आता घरातलं सांगते. ग्लासात कमीजास्त पाणी भरून चमच्याने वाजवणं रोजचं झालंय, जास्त पाणी तर आवाज खालचा हे तिला पाठ झालं होतं. मग एकदा बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर उलटंच, जास्त पाणी आणि आवाज वरचा. मी कारण सांगणारच होते पण तुमचं आठवलं, लगेच सांगू नका, दोन दिवस वाजवू द्या. तोंड दाबून बसले. तिसऱ्या दिवशी बाटली डोळ्यासमोर धरून म्हणते, "आई, पाणी भरलं की बाटली आतून छोटी होते ना, म्हणून बारीक आवाज येतो." हवेचं नाव नाही घेतलं तिने पण बरोबर तिथेच पोचली होती, मला तर भरूनच आलं.

काल अंघोळ करताना गात होती, स्वतःचेच शब्द, स्वतःचीच चाल, मध्येच थांबायची आणि परत सुरू. दाराआडून बघितलं तर साबणाच्या फेसाने भरलेली मूठ वर होती.

खूप खूप थँक्यू ताई.