नव्या वर्षात कामवालीची उचल सोडून द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये वर्षाच्या आभाराची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होईल. मिस्सा संपली की सगळे एकमेकांना 'हॅपी न्यू इयर' म्हणतील, स्वेटर-शालीत गुंडाळलेली पोरे आवारातल्या गव्हाणीसमोर फोटो काढतील, आणि सकाळी १ जानेवारीला, देवमाता मरियेच्या सणाला, आम्ही पुन्हा जमू. या दोन मिस्सांच्या मधल्या रात्रीत करता येईल अशा एका कामाविषयी मला लिहायचे आहे. विनंती माझ्या चर्चच्या लोकांना आहे, आणि आपल्या सर्व वाचकांनाही आहे. तुमच्या घरी भांडी-धुणे करणाऱ्या बाईकडे, स्वयंपाकाच्या मावशींकडे, ड्रायव्हरकडे किंवा चौकीदाराकडे उचलीचे पैसे बाकी असतील, आणि ते फेडताना त्यांच्या घरात खाण्यापिण्याची ओढाताण होत असेल, तर ती बाकी या वर्षासोबत सोडून द्या.

आत्ताच का, ते सांगते. २०२५ हे कॅथलिक चर्चचे ज्युबिली वर्ष, म्हणजे क्षमेचे खास वर्ष, होते. जगभरच्या धर्मप्रांतांत काल, रविवारी २८ डिसेंबरला, त्याची सांगता झाली, आणि रोममधल्या सेंट पीटर्स चर्चचे, ज्युबिलीपुरते उघडले जाणारे पवित्र द्वार येत्या ६ जानेवारीला बंद होईल. वर्षभर तीर्थयात्रा झाल्या, कन्फेशनला रांगा लागल्या, रोझरी झाल्या. मीही त्यात मनापासून होते. पण ज्युबिलीचे मूळ जिथे आहे त्या बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात द्वारही नाही आणि यात्राही नाही. तिथे हिशेब आहे. सात गुणिले सात, एकोणपन्नास वर्षे गेली की पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकायचे, आणि कर्जापायी ज्याची जमीन गेली त्याला ती परत द्यायची, कर्जापायी जो दुसऱ्याच्या घरी राबायला गेला त्याला मुलाबाळांसह घरी जाऊ द्यायचे. पोप बोनिफास आठवे यांनी १३०० साली रोममध्ये पहिली ज्युबिली जाहीर केली, त्याच्या कितीतरी शतके आधीचा हा नियम आहे.

पोप फ्रान्सिस यांना त्याचा विसर पडला नव्हता. दया हा त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचा विषय. २०१५ मध्ये दयेचे खास वर्ष जाहीर केले तेव्हा रोमच्याही आधी, २९ नोव्हेंबरला, त्यांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात पवित्र द्वार उघडले. यादवीने होरपळलेला, अतिशय गरीब असा तो देश. आणि यंदा १ जानेवारीच्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात त्यांनी श्रीमंत देशांना गरीब देशांची कर्जे माफ करण्याची विनंती केली. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते गेले. त्यांचा तो संदेश देशांच्या सरकारांसाठी होता असे समजून आपण पुढे गेलो. मला वाटते, तो आमच्या नागपुरातल्या मोहननगर आणि सदर या वस्त्यांच्या स्वयंपाकघरांसाठीही होता.

माझी सारी नोकरी एका सहकारी पतसंस्थेत गेली, त्यातली बरीच वर्षे वसुली विभागात. थकबाकीची यादी, जामीनदाराला नोटीस, हप्त्याची तारीख हे माझे रोजचे काम. म्हणून कर्जमाफी हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. पतसंस्थेतला पैसा ठेवीदारांचा असतो. तो माफ करण्याचा अधिकार ना मला होता ना व्यवस्थापकाला. दुसऱ्याच्या पैशावर कोणाला दया दाखवता येत नाही, आणि मी तेही मागत नाही. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचा प्रश्न मोठा आहे. ऑक्टोबरच्या शेवटी शेतकऱ्यांनी नागपूरच्या वेशीवर वर्धा रस्ता अडवून धरला, तेव्हा आपण सर्वांनी तो पाहिला. तो सरकारने सोडवायचा आहे. मी बोलते आहे ते आपल्या स्वतःच्या कपाटातल्या, स्वतःच्या कमाईच्या पैशाविषयी, ज्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही.

घरकामातली उचल कशी चालते ते बहुतेक घरांना माहीत आहे, पण आकडे कोणी एकत्र मांडत नाही. आमच्या वस्तीतली एक बाई चार घरी काम करते. मुलीच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, हलवावे लागले, बाहेरून औषधे आणावी लागली. तिने एका घरून तीस हजार उचलले. त्या घरचा पगार महिना तीन हजार. दर महिन्याला दीड हजार कापायचे ठरले. म्हणजे वीस महिने ती त्या घरी अर्ध्या पगारावर काम करणार. मध्ये पोराची शाळेची फी आली, पुन्हा पाच हजार घेतले. आता पगारवाढ मागायची सोय उरली नाही, सुट्टी मागताना जीभ रेटत नाही, आणि पलीकडच्या गल्लीत कोणी जास्त पगार देतो म्हटले तरी जाता येत नाही. ती मला म्हणाली, "बाई, त्या काही वाईट नाहीत. पण पैसे कापून राहिल्या न, त्यानं महिना पुरूनच नाही राहिला." घेतलेल्या पैशाबद्दल तिची तक्रार नव्हती. तिला त्या घराचे उपकारच वाटतात, आणि ते खरेही आहे. अडचणीच्या रात्री पैसे त्याच घराने दिले. मी ज्यांना लिहिते आहे ते असेच लोक आहेत. ज्यांनी कधी कोणाला पैसे दिलेच नाहीत त्यांच्याकडे सोडण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट मात्र सर्वांनी ध्यानात घ्यावी. पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे काम धरायचे नाही, अशी अट उचलीला जोडली की प्रकरण साधे राहत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने नेमकी हीच गोष्ट बंद केली, आणि अशा रीतीने चढलेले कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवून टाकली. व्याजाने पैसे फिरवण्याचा धंदा करणाऱ्यांना महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. घर चालवणारी चांगली माणसे नकळत या हद्दींच्या फार जवळ जातात. बाईचे एटीएम कार्ड किंवा पासबुक 'सुरक्षित राहील' म्हणून स्वतःकडे ठेवणे, हा तसाच एक प्रकार मी पाहिला आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात म्हटले आहे की कोणाचे जाते गहाण घेऊ नका, कारण ते म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणे. आणि गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करा, म्हणजे तो ते पांघरून झोपेल. नागपुरात या आठवड्यात रात्री काय थंडी आहे ते आपण जाणतोच.

आता मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. चर्चमध्ये तो इतक्या वेळा वाचला जातो की आम्ही तो अर्ध्या कानाने ऐकतो. राजा एका चाकराचे दहा हजार तालांत सोडतो. तोच चाकर बाहेर पडून सोबत्याची मानगूट धरतो, का, तर शंभर दीनारांसाठी. प्रवचनात बहुधा सांगतात की पहिली रक्कम प्रचंड आणि दुसरी क्षुल्लक. सवयीने मी एकदा तो हिशेब कागदावर मांडला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयमध्येच द्राक्षमळ्याच्या दाखल्यात येते. एक तालांत सहा हजार दीनारांचा. म्हणजे राजाने सोडले सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके पैसे. हे कोणालाच कधी फेडता येणार नव्हते. पण शंभर दीनार क्षुल्लक नाहीत. शंभर दिवसांची मजुरी आहे ती. आज पाचशे रुपये रोज धरला तरी पन्नास हजार होतात. येशूने उदाहरणासाठी चार-दोन दीनार घेतले असते तर गोष्ट सोपी झाली असती. त्याने मुद्दाम अशी रक्कम घेतली जी गेली तर घराला जाणवते, जिच्यासाठी माणूस सोबत्याची मानगूट धरू शकतो. त्या दाखल्यात जे सोडायला सांगितले आहे ते खरोखर जड आहे, आणि तरीही सोडायला सांगितले आहे. हे लक्षात आल्यापासून तो दाखला मला पूर्वीसारखा ऐकता येत नाही.

हे बोलले की पहिला आक्षेप येतो तो असा: अशाने लोकांना बुडवायची सवय लागेल, पुढच्या वेळी कोण देईल? वसुलीत उभा जन्म काढल्यावर मी एवढे सांगू शकते की ठरवून बुडवणारी माणसे वेगळी असतात. ती चांगल्या गाडीतून येतात आणि वकील घेऊन येतात. पाच-दहा हजारांसाठी लाजेने दुसऱ्या रस्त्याने घरी जाणारी बाई बुडवत नसते, तिच्याकडे नसतात. आणि 'पुढच्या वेळी कोण देईल' याचे उत्तर धर्मशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. अनुवादाच्या १५ व्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचा नियम सांगून झाल्यावर लगेच बजावले आहे, की सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजू भावाकडे वाकड्या नजरेने पाहून त्याला द्यायचे टाळू नका. नियम करणाऱ्याला माणसाचे मन चांगले ठाऊक होते.

दुसरा प्रश्न मला आमच्याच पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या परिवारातल्या, एका बहिणीने विचारला, आणि तो प्रामाणिक होता. ती स्वतः विधवा आहे, पेन्शन तुटपुंजी आहे, तिनेही दिलेले पैसे तिला हवे आहेत. तिला मी सोडा म्हणणार नाही. ज्याला पैसे सोडल्याने स्वतःचे औषध थांबवावे लागेल त्याने सोडू नयेत. हप्ता लहान करावा, दोन-तीन महिने कापणे थांबवावे, एवढेही पुष्कळ आहे. मोमिनपुऱ्यात राहणारी माझी एक जुनी सहकारी म्हणाली, कुराणातही हेच आहे: कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडूनच दिले तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. आम्ही दोघी एकाच टेबलावर वसुलीची पत्रे टाइप करत असू. हे एकमेकींना सांगायला निवृत्तीनंतरच वेळ मिळाला.

करायचे कसे, याबद्दलही थोडे लिहिते, कारण देण्याची रीत चुकली तर घेणाऱ्याची मान खाली जाते. बाईला चार लोकांसमोर सांगू नये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये, चर्चच्या नोटीस बोर्डावरही नको. बाकी किती होती आणि आता ती शून्य झाली, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. मोघम 'जाऊ दे, बघू' म्हटले तर तिची धास्ती जात नाही. चिठ्ठी, वही किंवा डायरीतला कागद असेल तर तो तिच्या हातात द्यावा. कार्ड, पासबुक, मंगळसूत्र ठेवून घेतले असेल तर त्याच वेळी परत करावे. आणि पुढच्या महिन्यात पगार पूर्ण द्यावा. दिवाळीच्या बोनसमधून ते हळूच वळते करून घेऊ नये. माफ केल्याची आठवण वर्षभर करून देणे म्हणजे कर्ज दुसऱ्या रूपात चालू ठेवणे होय.

आमच्या चर्चविषयी एक शेवटची गोष्ट. आमच्या पॅरिशमध्ये मल्याळी, तमिळ, गोव्याकडची, छत्तीसगड-झारखंडकडून आलेली आणि आमच्यासारखी मराठी घरे आहेत. काही घरे पैसे देणारी आहेत, काही घेणारी, आणि कित्येकदा दोघे एकाच बाकावर बसून 'स्वर्गीय बापा'ची प्रार्थना म्हणतात. फादरांनी १ जानेवारीच्या मिस्सेत, जिथे कार्यक्रमांच्या सूचना सांगतात तिथे, दोन वाक्ये या विषयावर बोलावीत अशी विनंती मी त्यांना केली आहे. कोणाचे नाव नको, आकडा नको. गरीब घरांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनाही मी सांगितले आहे की महिन्याच्या शिध्यासोबत त्या घरांना उचलीचे किती कापले जाते तेही विचारावे, कारण तांदूळ-डाळ पोहोचवूनही महिना का पुरत नाही याचे उत्तर पुष्कळदा तिथे असते.

ज्या घरांशी माझे बोलणे झाले त्यांपैकी दोघांनी बाकी पूर्ण सोडायचे कबूल केले. एका गृहस्थांनी निम्मी सोडतो, उरलेल्याचा हप्ता पाचशेवर आणतो असे सांगितले. एका घराने अजून ठरवलेले नाही. त्यांना मी उद्या संध्याकाळी पुन्हा भेटणार आहे.

आपली,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
मोहननगर, नागपूर
२९ डिसेंबर २०२५